पाच जण, २४ वर्षं : स्लोडाइव्हवरच्या ध्वनिकार्यक्रमाच्या प्रकल्प नोंदी

७ जून

आजपासून कामाला सुरुवात. विषय पक्का झाला: स्लोडाइव्ह या इंग्लिश बँडचा २०१७ चा अल्बम. त्याच्या आधीचा ‘पिग्मेलियन’ फेब्रुवारी १९९५ मध्ये आला होता आणि हा आला ५ मे २०१७ ला. मधली २२ वर्षं बँडच्या नावाने एकही नवं गाणं नाही. नव्या अल्बमला वेगळं नावही दिलेलं नाही, बँडचंच नाव अल्बमला.

कार्यक्रम तासाभराचा, मराठीत. ऐकणाऱ्याला ऑल्टरनेटिव्ह रॉकची फारशी ओळख नाही असं धरून चालायचं. लेखन माझं, निवेदन ताईचं, संकलन मित्राचं. गाण्यांचे तुकडे अगदी थोडे वापरायचे आणि जे सांगायचं ते शब्दांत आणि आमच्या स्वतःच्या वाजवण्यातून सांगायचं, असं तिघांचं ठरलं आहे.

हा अल्बम मला मनापासून आवडतो, पण का आवडतो हे अजून धडपणे सांगता येत नाही. हा विषय घेण्याचं खरं कारण तेच आहे.

तात्पुरतं शीर्षक: ‘२२ वर्षांनी’. तात्पुरती सुरुवात: १९९३ मध्ये ‘सूव्लाकी’ हा दुसरा अल्बम आला तेव्हा ‘मेलडी मेकर’ या ब्रिटिश साप्ताहिकात आलेलं परीक्षण. हे पुन्हा ऐकण्यापेक्षा लापशीने भरलेल्या टबात गुदमरून बुडालेलं पत्करलं, असं त्यात होतं. त्या वाक्यावरून सरळ २०१७ वर उडी. ऐकणारा जागचा हलणार नाही.

९ जून

भिंतीवर कागदाची लांब पट्टी लावली आणि वर्षं लिहीत गेलो. संदर्भ रोज डोळ्यांसमोर राहिला की लिहिताना घोळ होत नाही.

१९८९: इंग्लंडमधल्या रेडिंग शहरात बँड सुरू. नील हॅलस्टेड आणि रेचल गॉसवेल, लहानपणापासूनचे मित्र. दोघंही गातात, दोघंही गिटार वाजवतात.
१९९१: ‘जस्ट फॉर अ डे’. कंपनी क्रिएशन रेकॉर्ड्स. तेव्हा ही सगळी मुलं विशीच्या आसपासची.
१९९३: ‘सूव्लाकी’. नामवंत ब्रिटिश संगीतकार आणि निर्माते ब्रायन ईनो यांनी निर्माता व्हायला नकार दिला, पण सोबत काम करायची तयारी दाखवली. दोन गाण्यांवर त्यांचा हात आहे.
१९९४: ड्रमर सायमन स्कॉट बाहेर. त्याच वर्षी त्याच क्रिएशनकडून ओएसिस या रॉक बँडचा पहिला अल्बम. इंग्लंडमधलं वारंच फिरलं.
१९९५: ‘पिग्मेलियन’. तो येऊन काही दिवस होतात न होतात तोच कंपनीने बँडला नारळ दिला.
२०१४: जानेवारीत पुन्हा एकत्र येत असल्याची घोषणा, मे महिन्याच्या अखेरीस बार्सिलोनातला प्रिमाव्हेरा महोत्सव.
२०१७: नवा अल्बम, डेड ओशन्स या कंपनीकडून.

१९९५ ते २०१४ या पट्ट्यात सध्या काहीच लिहिलेलं नाही. कागदाचा जवळजवळ निम्मा भाग कोरा आहे आणि नजर सारखी तिथेच जाते.

१४ जून

संपूर्ण अल्बम एका बैठकीत, दिवे मालवून. ८ गाणी, साधारण ४६ मिनिटं. लिहायचं नाही, नुसतं ऐकायचं असं ठरवून बसलो आणि तेवढं पाळलं. मग संध्याकाळी वही घेऊन पहिल्या गाण्यापाशी परत.

‘स्लोमो’. जवळजवळ ७ मिनिटांचं. बराच वेळ शब्द येतच नाहीत. आधी गिटारची लहानशी ओळ फिरत राहते, पाण्यावर ऊन हलावं तशी, आणि तिच्याखाली ड्रम घाई न करता चालू लागतात. मग निक चॅपलिनचा बेस. आज तीनदा नुसता बेस ऐकला. बेस म्हटलं की खाली जमिनीसारखा धरून ठेवणारा आवाज अशी आपली समजूत असते. इथे तो वर येऊन स्वतःची चाल म्हणतो, गिटारनं जागा सोडली आहे हे ओळखून. गाणारे आवाज येतात तेव्हा गाणं आधीच उभं राहिलेलं असतं, ते त्यात फक्त आत शिरतात. आधी हॅलस्टेड, पाठोपाठ गॉसवेल.

वहीत लिहिलेलं वाक्य जसंच्या तसं: ‘कोणालाही आपण परत आलो हे सांगण्याची घाई नाही.’

हे वाक्य आमच्या सुरुवातीशी, त्या लापशीच्या टबाशी, जुळत नाही. नोंद करून ठेवतो.

१५ जून

‘स्टार रोव्हिंग’. अल्बमच्या कितीतरी आधी, जानेवारी २०१७ मध्ये, हेच गाणं पहिलं बाहेर आलं होतं. वेगवान, गिटारचा आवाज मुद्दाम फोडलेला, म्हणजे खरखरीत केलेला, ड्रम पुढे रेटणारे. २२ वर्षांनी पहिला शब्द म्हणून हे निवडणं मला फार आवडलं. मंद, धूसर गाण्यांची अपेक्षा करणाऱ्या माणसासमोर त्यांनी आधी अंगातला जोर ठेवला.

२१ जून

आज प्रात्यक्षिक ध्वनिमुद्रित करायचं होतं. हा कार्यक्रमातला सगळ्यात अवघड भाग, कारण इथे ऐकणाऱ्याचा हात धरून त्याला आवाजाच्या आत न्यायचं आहे.

या संगीताला ‘शूगेझ’ म्हणतात. बुटांकडे पाहत वाजवणारे, असं ते ब्रिटिश साप्ताहिकांनी चिकटवलेलं नाव. खाली पाहण्याचं कारण साधं आहे: गिटारचा आवाज बदलणारी पेडलं जमिनीवर असतात आणि गाणं चालू असताना ती पायाने दाबायची असतात. टिंगलीतून आलेला शब्द प्रकाराचं नाव होऊन बसला.

दोन मराठी शब्द मी हट्टाने वापरणार आहे. डिले म्हणजे प्रतिध्वनी, रिव्हर्ब म्हणजे घुमारा. प्रतिध्वनीत मूळ स्वर सुटा, ओळखीचा परत येतो. घुमाऱ्यात तो असंख्य भिंतींवरून परत येऊन एकमेकांत मिसळतो आणि शेपटीसारखा लांबत जातो. दरीतली हाक आणि रिकाम्या खोलीतली टाळी, एवढा फरक.

प्रतिध्वनीचं गणित सांगायचं आहे, कारण ते सुंदर आहे. मिनिटाला १२० मात्रा अशी लय धरली तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे ५०० मिलिसेकंदांची. प्रतिध्वनी पाऊण मात्रेवर, म्हणजे ३७५ मिलिसेकंदांवर लावायचा. आता हाताने सरळ अर्ध्या अर्ध्या मात्रेवर आघात करत राहायचं. प्रत्येक आघाताचा प्रतिध्वनी पुढच्या दोन आघातांच्या बरोबर मधोमध पडतो. वाजवणारा हात एक, ऐकू येतात दोन, आणि दुसरा हात पहिल्याच्या फटींतून वाजतो. अंतरात मोजायचं तर आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. ३७५ मिलिसेकंदांनी परत यायला समोरची भिंत सुमारे ६४ मीटरवर हवी. पायाखालच्या लहानशा डबीत तेवढं मैदान मावतं.

स्लोडाइव्हच्या आवाजात घुमाऱ्याचा वाटा मोठा आहे. ‘सूव्लाकी’च्या काळात हॅलस्टेड यामाहाचं एफएक्स ५०० हे यंत्र वापरत असे. त्यातला ‘सॉफ्ट फोकस’ नावाचा तयार आवाज या अल्बममुळे इतका प्रसिद्ध झाला की आज त्याच नावाचं पेडल मिळतं.

इतकं सगळं समजावून प्रत्यक्ष मुद्रण केलं आणि ऐकलं तर नुसता राडा. धुकं आहे, पण धुक्यात काही नाही. सगळं पुसून टाकलं.

२२ जून

चूक सापडली. काल मी सगळी पेडलं एकदम उघडली होती आणि गिटारचा आवाज आधीच फोडलेला होता. फुटलेल्या आवाजाला घुमारा दिला की तळाचा गाळ वर येतो. आज उलट सुरुवात केली. एकच तार, एकच स्वर, कोरडा. मित्राने माइक इतका जवळ ठेवला की प्लेक्ट्रम (तार छेडायची चपटी पट्टी) तारेवरून सुटताना होणारा टक् आवाज स्पष्ट आला. तोच स्वर पुन्हा, पाऊण मात्रेच्या प्रतिध्वनीसह. मग घुमारा. मग शेवटी गिटारवरचं आवाजाचं बटण करंगळीने शून्यावर आणलं, तार छेडली आणि बटण हळूहळू उघडलं. टक् नाहीसा झाला. स्वराला आरंभच उरला नाही. तो गज फिरवल्यासारखा कुठून तरी उगवला.

मित्र एवढंच म्हणाला, ‘हे ठेव. यात काही बोलू नका.’

चार पायऱ्या, एकूण ७० सेकंद, वर निवेदन नाही. कोरड्या स्वरापासून सुरुवात केल्यामुळेच शेवटचा स्वर कळतो.

एक उपमा लिहून खोडली. गिटारच्या थरांना तंबोऱ्याची उपमा दिली होती: सतत भरून राहिलेला नाद आणि त्यावर गळा. ऐकायला गोड, पण खरी नाही. तंबोरा आपल्या षड्जापासून हलत नाही, गाणारा त्याच्याभोवती फिरतो. इथे नादच पायाखालून सरकतो आणि गाणारे दोघं त्याच्याबरोबर वाहतात. आपल्या ओळखीचं आहे म्हणून तिथे बसवायचं, असं नको.

२८ जून

आज पट्टी पाहताना चमकलो. शीर्षकच चुकलं आहे.

‘पिग्मेलियन’वर सायमन स्कॉट नाही. तो १९९४ मध्येच बाहेर पडला होता, ‘पिग्मेलियन’चा ड्रमर इयन मॅकचन. २०१४ मध्ये बँड परत आला तेव्हा ड्रमवर स्कॉट होता. म्हणजे २०१७ च्या अल्बमवर वाजवणारे पाच जण (हॅलस्टेड, गॉसवेल, चॅपलिन, गिटारवादक क्रिश्चन सॅव्हिल, स्कॉट) याआधी एका अल्बमवर एकत्र होते ते १९९३ मध्ये, ‘सूव्लाकी’वर. बँडच्या नावाने मोजलं तर २२ वर्षं. माणसांनी मोजलं तर २४.

दोन वर्षांनी काय एवढं बिघडतं, असं कोणी म्हणेल. माझ्या लेखी सगळंच बिघडतं. मी इतके दिवस हा अल्बम ‘पिग्मेलियन’च्या पुढे लावून ऐकत होतो आणि तिथून तो मला मागे वळल्यासारखा वाटायचा, कारण ‘पिग्मेलियन’ फार विरळ आहे: थोडे स्वर, पुनरावृत्ती, ड्रम मोजके, पुष्कळसं काम एकट्या हॅलस्टेडचं. त्यापुढे २०१७ चे भरघोस ड्रम आणि दोन गिटार म्हणजे जुन्याकडे माघार वाटणारच. पण या पाच जणांच्या बाजूने पाहिलं तर मागचं पान ‘सूव्लाकी’चं आहे. ते मागे वळलेलेच नाहीत. जिथे त्यांचा हात सुटला तिथूनच त्यांनी तो पुन्हा धरला.

असंच गणित डायनोसॉर ज्युनियर या अमेरिकन बँडचं आहे, हे रात्री लक्षात आलं. अल्बमच्या हिशेबाने १९९७ ते २००७ अशी त्या नावाची दहा वर्षांची रजा. पण जे मॅस्किस, लू बार्लो आणि मर्फ या मूळ तिघांनी एकत्र केलेला शेवटचा अल्बम १९८८ चा ‘बग’. २००७ च्या ‘बियाँड’पर्यंत १९ वर्षं. आणि ‘बियाँड’ ऐकताना तिघांनी एकमेकांना ओळखल्याचा जो धक्का बसतो तो १९ वर्षांचा असतो, दहाचा नव्हे.

शीर्षक बदललं: ‘पाच जण, २४ वर्षं’. मित्राला आणि ताईला कळवलं.

५ जुलै

आता कोरा पट्टा भरायला घेतला. प्रत्येक माणसाला वेगळ्या रंगाची पेन्सिल.

हॅलस्टेड आणि गॉसवेल यांनी मॅकचनसह मोहावी थ्री हा बँड काढला. पहिला अल्बम १९९५ मध्येच आला, म्हणजे मधे श्वास घ्यायलाही जागा नाही. संथ, लोकसंगीत आणि कंट्रीच्या वळणाची गाणी, घुमारा बराचसा बाजूला ठेवलेला. २००६ पर्यंत पाच अल्बम. हॅलस्टेडचे स्वतःचे तीन: २००२, २००८, २०१२. गॉसवेलचा एक, २००४ चा. सॅव्हिलचा मॉन्स्टर मूव्ही हा बँड. चॅपलिन संगीतातून बाहेर.

स्कॉटची पेन्सिल हिरवी आणि तिच्यापाशी मी सगळ्यात जास्त वेळ रेंगाळलो. तो निसर्गातले आवाज टिपणारा आणि त्यांवर काम करणारा कलावंत झाला. २०१२ च्या ‘बिलो सी लेव्हल’साठी त्याने पूर्व इंग्लंडमधल्या फेन्स या सखल पाणथळ प्रदेशात जाऊन ध्वनिमुद्रण केलं, पाण्याखाली चालणारे माइक घेऊन. जो माणूस विशीत एवढ्या गोंगाटाच्या मध्ये बसून ड्रम वाजवत होता, तो चाळिशीत पाण्यात माइक सोडून काय ऐकू येतं ते ऐकत बसला. २०१७ च्या अल्बमवरचे त्याचे ड्रम ऐका. तो जागा सोडतो. कुठे वाजवायचं नाही हे त्याला कळतं. यामागचं कारण म्हणून मी फेन्सकडे बोट दाखवलं तर तो माझा कयास, कार्यक्रमातही तसाच मांडणार. पण आता कान दुसरं ऐकायला तयारच नाही.

गॉसवेलबद्दल एक गोष्ट जपून सांगायची. २००६ मध्ये तिला कानाच्या आतल्या भागाचा संसर्ग झाला आणि ऐकण्यावर कायमचा परिणाम झाला. स्वतः तिने याबद्दल जाहीरपणे बोललं आहे. ज्या बँडमध्ये सगळा खेळ आवाजाच्या थरांचा, तिथे ती हे सोबत घेऊन परतली. यावर कार्यक्रमात विशेषणं नकोत. दोन वाक्यं, आणि लगेच तिचा आवाज: ‘डोन्ट नो व्हाय’मधला, जिथे ड्रम धावताहेत आणि ती त्यांच्यावरून हलक्या पायाने जाते.

‘शुगर फॉर द पिल’ही याच पट्ट्याशेजारी ठेवायचं. त्यातली गिटार स्वच्छ आहे, एकेक तार मोजून घ्यावी इतकी. बेस चाल धरतो, शब्द थोडे, तुटलेल्या नात्याबद्दलचे. १९९३ मधल्या हॅलस्टेडला हे गाणं असं उघडं ठेवण्याचा धीर झाला असता असं मला वाटत नाही. मधली सगळी वर्षं एक लाकडी गिटार आणि आपला आवाज एवढ्यावर गाणं तोलायला शिकल्यावर तो धीर येतो.

पट्टी आता गच्च भरली. कोरी म्हणून जी वर्षं मी ‘बँडची रजा’ असं लिहून टाकली होती, त्यांत पाचही जणांची आयुष्यं होती.

११ जुलै

इतर बँडच्या तुलनेचा भाग. लिहिला बारा मिनिटांचा, ठेवला चारचा.

माय ब्लडी व्हॅलेंटाइन: ‘लव्हलेस’ नोव्हेंबर १९९१, पुढचा ‘एम बी व्ही’ २ फेब्रुवारी २०१३. बँडने तो स्वतःच्या संकेतस्थळावर टाकला आणि गर्दीने संकेतस्थळच कोलमडलं. पिक्सीज: २००४ पासून पुन्हा एकत्र वाजवत होते, पण १९९१ नंतरचा नवा अल्बम २०१४ मध्ये आला आणि त्याआधीच किम डील निघून गेली होती. राइड: स्लोडाइव्हचे क्रिएशनमधले सोबती. १९९६ नंतर त्यांचाही नवा अल्बम २०१७ मध्येच, स्लोडाइव्हनंतर काही आठवड्यांनी.

आणि लश, त्याच काळातला आणखी एक बँड. हे लिहिताना हात थांबला. त्यांचा ड्रमर ख्रिस ॲक्लंड १९९६ मध्ये गेला आणि बँड तिथेच संपला. २०१५ मध्ये ते परत आले, २०१६ मध्ये चार नवी गाणी दिली, वर्ष संपायच्या आत पुन्हा थांबले. नाव परत आणता आलं. ते चौघं एकत्र मात्र परत येऊ शकत नव्हते.

पाच जणांचं गणित किती कच्च्या दोऱ्यावर असतं हे सांगायला लश पुरे आहे. बाकीचे प्रत्येकी दोन वाक्यांत.

१३ जुलै

ताईबरोबर पहिलं वाचन. ती नेहमी आधी मोठ्याने एकदा सलग वाचते, मग बोलते. आज पहिलं पान संपवून थांबली.

‘हे सुरुवातीचं काढ.’

‘ताई, पण माणूस तिथेच तर अडकतो.’

‘अडकतो ना. मग पुढचा तासभर मी त्या परीक्षण लिहिणाऱ्यालाच उत्तर देत बसते. या पाच जणांबद्दल मी बोलायचं कधी?’

मी म्हटलं की अन्याय झाला होता, तो सांगायला हवा. ती म्हणाली, ‘सांग की. पण तो दारात कशाला उभा केलास?’

तिचं बरोबर आहे आणि मला ते १४ जूनलाच वहीत सापडलं होतं. ‘स्लोमो’ कोणाला उत्तर देत नाही. आपणच त्याच्या तोंडी सूडाची गोष्ट घालत होतो. लापशीचं वाक्य आता विसाव्या मिनिटाला जाईल, १९९३ च्या जागी, जिथे ते घडलं. त्याच्या पुढे एवढंच सांगायचं की ‘सूव्लाकी’ टिकला, नव्या मुलांनी तो शोधून काढला, आणि २०१५ मध्ये ‘पिचफोर्क’ या संगीतविषयक संकेतस्थळाने त्याच्यावर माहितीपट केला.

ताईने आणखी एक सांगितलं: ‘घुमारा’ हा शब्द पहिल्यांदा येतो तिथे एक क्षण थांबायला हवं. आमच्याकडच्या प्रतीत तिथे मोकळी जागा सोडली.

२० जुलै

ठरत नव्हतं की २०१४ ते २०१७ ही तीन वर्षं किती सांगायची. मैफलींचा भाग म्हणून मी ती गुंडाळणार होतो. आज ठरलं की कार्यक्रमाचा कणा तिथेच आहे.

ते परत आले ते नवा अल्बम हातात घेऊन नव्हे. आधी तीन वर्षं जुनी गाणी वाजवली, देशोदेशी, लोकांसमोर. त्यांच्या मैफली पुष्कळदा ‘गोल्डन हेअर’वर संपत. आयरिश लेखक जेम्स जॉइसची कविता, पिंक फ्लॉइड बँडच्या सिड बॅरेटची चाल, आणि स्लोडाइव्हने ती १९९१ मध्येच मुद्रित केली होती. गॉसवेल थोडक्या ओळी गाते, गाणं म्हणून जे असतं ते संपतं, आणि मग पाचही जण शब्दांशिवाय ते वाढवत नेतात, थरावर थर, छप्पर हलेपर्यंत. तिथे कोणी कोणाला खूण करत नाही. कोण कधी वर चढणार हे कानाने ओळखावं लागतं. अशी संध्याकाळ शंभर वेळा काढल्यावर माणसं स्टुडिओत जातात तेव्हा त्यांना एकमेकांचं ऐकण्याची सवय झालेली असते. ‘स्लोमो’त बेसला वर यायला जागा मिळते ती या सवयीतून, असं मी आता ठामपणे लिहिलं आहे.

स्टुडिओही ओळखीचाच. ऑक्सफर्डशरमधला कोर्टयार्ड, जिथे त्यांनी सुरुवातीच्या काळात काम केलं होतं. मिश्रण (मिक्सिंग) मात्र ख्रिस कोडीकडे, लॉस एंजेलिसमध्ये. घर जुनं, कान नवा. ही जोडणी अल्बमभर ऐकू येते: थर तेवढेच आहेत, पण प्रत्येक थर हाताला लागतो.

‘पिग्मेलियन’वर मी मघा अन्याय केला तो दुरुस्त करायचा आहे. त्याला मधला अपघात म्हणून सोडून देणं चूक होईल. २०१७ चं शेवटचं गाणं ‘फॉलिंग ॲशेस’ त्याच्याशिवाय झालंच नसतं.

२ ऑगस्ट

‘फॉलिंग ॲशेस’. दिवसभर हेच. साधारण ८ मिनिटं. पियानोची लहान आकृती सुरू होते आणि शेवटपर्यंत तीच फिरते. ड्रमचा आधार नाही. गिटार आहे, पण खिडकीबाहेर असल्यासारखी. हॅलस्टेड आणि गॉसवेल एकच छोटी ओळ परत परत म्हणतात, प्रेमाबद्दल विचार करण्याची. विशीत ती ओळ म्हटली असती तर तो उसासा झाला असता. इथे ती दुपारी घरात काम करता करता मनात येणाऱ्या विचारासारखी आहे. दोघांचे आवाज इतके शेजारी ठेवलेत की कोणाचा कुठला हे ओळखायचा प्रयत्न मी पाचव्या खेपेला सोडला.

सगळ्यात जोरकस गाण्यावर अल्बम संपवता आला असता. ‘गो गेट इट’ त्याच्या आधीच आहे, जड आणि उंच. ते सातव्या जागी ठेवून आठव्या जागी हा पियानो ठेवला.

आमचाही शेवट बदलला. आधी ढोल वाजवून निरोप घेणार होतो.

एकूण लांबी ६३ मिनिटं भरते आहे. पाच काढायची.

६ ऑगस्ट

पाच मिनिटं निघाली. राइड एका वाक्यावर आला. ईनोचा किस्सा कापला, जीव तुटला, पण तो १९९३ चा होता आणि आपल्याला पुढे जायचं होतं. प्रात्यक्षिकाच्या ७० सेकंदांना हात लावला नाही.

२०२३ चा ‘एव्हरीथिंग इज अलाइव्ह’ शेवटी दीड मिनिटात येतो. २०२० मध्ये गॉसवेलची आई आणि स्कॉटचे वडील गेले, त्या दोघांना तो अल्बम अर्पण केला आहे. तोही याच पाच जणांचा. पाचही रंगांच्या पेन्सिली पट्टीवर अजून एका पुढच्या वर्षापर्यंत नेल्या, तेव्हा कागद संपला आणि खाली दुसरा चिकटवावा लागला.

१० ऑगस्ट

अंतिम मुद्रण. ५८ मिनिटं १० सेकंद.

आता सुरुवात अशी आहे: आमचा कोरडा स्वर, एकच, प्लेक्ट्रमच्या टक्‌सकट. मग ताई: ‘१९९३ नंतर हे पाच जण एका अल्बमवर पुन्हा एकत्र ऐकू येतात ते २०१७ मध्ये.’ मग पाच नावं. बाकी काही नाही, थेट ‘स्लोमो’बद्दल.

नावांसाठी सात टेक झाले. पहिल्या काही टेकमध्ये ताई ती यादीसारखी वाचत होती, शेवटच्या नावाला आवाज खाली टाकून. मी म्हटलं, ‘ताई, पाचही जण आत्ता समोर बसलेत असं समज.’ सातव्या टेकला तिने प्रत्येक नाव वेगळं उचललं: निक चॅपलिन. रेचल गॉसवेल. नील हॅलस्टेड. क्रिश्चन सॅव्हिल. सायमन स्कॉट. मधे मधे थोडी शांतता, सगळीकडे सारखी नाही.

मित्राने विचारलं, नावांमधल्या जागांत थोडा घुमारा सोडू का, छान भरून येईल. नको म्हटलं. कोरडंच राहू दे.